जीमेल सोडायचंय? आधी डोमेन घ्या, प्रोटॉन की टुटा ते नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वर्षानुवर्षांचं जीमेल सोडायचंय, प्रोटॉन, टुटा, झोहो यातली कुठली मेल सर्व्हिस घेऊ, फुकटात भागेल का, आणि वडिलांच्या बँकेचे मेलही तुमच्याच खात्यात येतात त्यांचं काय करू. कुणालाही विचारलंत तरी प्रोटॉन घ्या म्हणून मोकळे होतील, आणि प्रोटॉन वाईट नाहीच. पण सर्व्हिस कुठली हा प्रश्न दुसरा. पहिलं काम म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेल पत्त्यातला @ च्या पुढचा भाग तुमचा स्वतःचा.

का ते सांगतो. मेल हलवणं अवघड नसतं, इम्पोर्ट लावून दिला की जुने मेल आपोआप येतात. जीव जातो तो पत्ता बदलण्यात. बँक, आयकर पोर्टल, ईपीएफओ, डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा, वीजबिल, आयआरसीटीसी, मुलांची शाळा, सगळीकडे तो एकच पत्ता. आता हे सगळं घाम गाळून प्रोटॉनच्या पत्त्यावर नेलंत आणि उद्या प्रोटॉनच सोडावं लागलं तर परत पहिल्यापासून सुरू. हे काही उगाच घाबरवणं नाही. स्किफ नावाची प्रायव्हसीवाली मेल सर्व्हिस होती, लोक खूश होते, फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. आणि प्रोटॉनचं म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ते भारतात ब्लॉक करायची प्रक्रिया सुरू करा असं सांगितलं होतं. असं काही खरंच झालं आणि तुमचा पत्ता प्रोटॉनच्या नावाचा असला तर बँकेचे मेल कुठे बघणार? पत्ता स्वतःच्या डोमेनवर असेल तर एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हिसकडे जायचे ते सांगणाऱ्या नोंदी) बदलायचे, काही तासांत नवे मेल दुसऱ्या सर्व्हिसकडे यायला लागतात आणि बँकेला कळतसुद्धा नाही.

डोमेनची पथ्यं मात्र आहेत. रिन्यू करायचं विसरलात आणि ते दुसऱ्या कुणी उचललं तर तुमचे पासवर्ड रिसेटचे मेल त्याला जाणार, म्हणून एकदम जास्त वर्षांचं घ्या (डॉट इन दहा वर्षांपर्यंत घेता येतं) आणि ऑटो-रिन्यूला जे कार्ड लावाल त्याची एक्सपायरी लक्षात ठेवा. डोमेन जिथून घेतलं त्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडलं की ते सोडवायचा मेलही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आणि नाव फोनवर सांगता येईल असं साधं घ्या. माझ्या डोमेनचं स्पेलिंग बँकेच्या काउंटरवर अक्षर-अक्षर सांगितलं तरी समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "पुढे जीमेल डॉट कॉमच ना?" कागदावर लिहून न्या, आणि त्याने टाइप केलेलं स्क्रीनवर वाचल्याशिवाय उठू नका.

आता प्रायव्हसीबद्दल, कारण यात बराच गोंधळ असतो. गूगल मेल वाचून जाहिराती दाखवतं हे आता जुनं झालं, जाहिरातींसाठी मेल स्कॅन करणं बंद करतो असं त्यांनी २०१७ मध्येच जाहीर केलंय. माझी खरी भीती वेगळी आहे, की एका लॉगिनमागे मेल, फोटो, ड्राइव्ह, फोनचा बॅकअप सगळं असतं आणि ते कधी बंद पडेल ते त्यांच्या मशीनच्या हातात. २०२२ मध्ये बातमी आली होती, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी बाळाचे फोटो डॉक्टरांसाठी काढले, गूगलच्या सिस्टिमने ते बाल लैंगिक शोषणाचे ठरवले आणि खातं बंद. पोलिसांनी त्याला निर्दोष म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही, फोन नंबरही गूगलच्याच फोन सेवेचा होता म्हणून तोही गेला.

दुसरं म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर कुलूपबंद करणं. बँकेचा मेल प्रोटॉनला येतो तेव्हा तो वाचता येण्याजोगाच येतो, आल्यावर ते तो तुमच्या किल्लीने बंद करून ठेवतात. म्हणजे नंतर त्यांनाही उघडता येत नाही, हे चांगलंच आहे, पण तुमच्या मावसभावाला पाठवलेल्या मेलची कॉपी त्याच्या जीमेलमध्ये उघडी पडलेलीच असते. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ अशी पूर्ण एन्क्रिप्ट होत नाही, टुटामध्ये होते. आणि प्रोटॉन स्वित्झर्लंडचं म्हणजे कायद्याच्या पलीकडे असं समजू नका, २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस नोंदवून द्यावा लागला होता. मेलमधला मजकूर नाही दिला, कारण तो त्यांच्याकडे वाचता येईल असा नव्हताच. हा फरक समजला की मग निवड सोपी जाते.

प्रोटॉनचं ॲप सगळ्यात सफाईदार, जीमेलमधून आणायची सोय आतच आहे. थंडरबर्डसारख्या कॉम्प्युटरवरच्या मेल ॲपमध्ये वापरायचं तर त्यांचं ब्रिज नावाचं जोड-सॉफ्टवेअर लागतं आणि ते पैसेवाल्या प्लॅनमध्येच. टुटा जर्मनीतलं, हॅनोव्हरचं, एन्क्रिप्शनमध्ये जास्त कडक, पण आयमॅप (दुसऱ्या मेल ॲपमधून मेल बघायची सोय) नाहीच, त्यांचंच ॲप वापरा, आणि फुकट खातं सहा महिने उघडलं नाही तर जातं. बर्लिनचं मेलबॉक्स डॉट ऑर्ग मला स्वतःला आवडतं, दिसायला जुनाट पण कुठल्याही मेल ॲपमध्ये चालतं. पोस्टेओही बर्लिनचंच, महिना एक युरो, लोक प्रामाणिक, पण स्वतःचं डोमेन जोडू देत नाहीत म्हणजे आपल्या कामाचं नाही. फास्टमेल ऑस्ट्रेलियाचं, वापरायला झकास, पण मेलच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात.

झोहोबद्दल सध्या उत्साह फार आहे. चेन्नईची कंपनी, जाहिराती नाहीत, केंद्र सरकारचे मेलही आता त्यांच्याकडे गेलेत. गूगलपासून सुटका एवढाच हेतू असेल तर चांगलं आहे, सपोर्ट भारतातला आणि बिल रुपयांत. पण मेल त्यांच्या सर्व्हरवर त्यांना उघडता येईल असेच असतात, तेव्हा झोहो आणि प्रोटॉनला एका पंगतीत बसवू नका.

फुकटात भागेल का, तर नाही. प्रोटॉन आणि टुटा दोघंही फुकट खात्यात स्वतःचं डोमेन जोडू देत नाहीत. महिनाभर फुकट खातं वापरून बघा, आवडलं तर वर्षाचे पैसे एकदम भरा, कारण परदेशी पेमेंट दर महिन्याला भरायचं म्हणजे कधीतरी अडकतंच. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा, तो बऱ्याचदा बंदच असतो.

हलवताना मी जे करतो ते असं. जीमेलला फॉरवर्डिंग लावायचं आणि नव्या खात्यात एक फिल्टर, जुन्या पत्त्यावर आलेल्या प्रत्येक मेलला 'बाकी' असं लेबल. मग याद्या करायची गरजच नाही, लेबलमध्ये जे पडेल तिथला पत्ता बदलायचा राहिलाय. वर्षातून एकदाच मेल करणारे विमावाले, सोसायटीचे ऑडिटर, कुठल्याशा जुन्या कंपनीचे डिव्हिडंडवाले असेच सापडतात. बँक आणि आयकर पोर्टल आधी उरका, फक्त रिटर्नच्या जुलैच्या धांदलीत नको. म्युच्युअल फंडांसाठी एमएफ सेंट्रल ही साइट बघा, फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक दोन्हीकडचे फोलिओ तिथे एकत्र दिसतात. शॉपिंगच्या साइट्सना मात्र डोमेनवाला पत्ता देऊ नका, त्यावरून माणूस लगेच ओळखू येतो, त्यांना सिंपललॉगिनसारख्या सेवेचा एलियस द्या, म्हणजे आलेले मेल तुमच्याकडे धाडणारा टोपण पत्ता. आणि जीमेल डिलीट करू नका. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरला गूगल खातं लागतंच, पण अधूनमधून लॉगिन करा, दोन वर्षं हात लावला नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं.

प्रोटॉन घेतलंत तर रिकव्हरी फ्रेज, म्हणजे खातं सोडवायला ते देतात ते ठरावीक शब्द, कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळेल पण ती फ्रेज किंवा रिकव्हरी फाइल असं काहीच नसेल तर जुने मेल कुलूपबंदच राहतील, आणि तिथे सपोर्टवालाही काही करू शकत नाही.

वडिलांना यात ओढू नका. त्यांचं वेगळं साधं जीमेल काढून द्या, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नंबरवर, टू-स्टेप चालू करून, आणि बँकेत ते स्वतः जाऊन पत्ता बदलून येऊ देत. तुमच्या प्रायव्हसीच्या हौसेपायी पेन्शनचा एखादा मेल त्यांना दिसला नाही तर ते परवडणार नाही. त्यांचे जुने मेल तेवढे 'बाकी'वालं काम सुरू करायच्या आधी वेगळे काढा, नाहीतर दोघांचं मिसळून बसेल.