वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या उसळीला नाकचाक का मोडतं?

प्रश्न : माझी धाकटी बहीण वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे. सेसना 172 हे छोटं प्रशिक्षण विमान एकटीने उतरवताना विमान धावपट्टीवर तीनदा उसळलं. तिसऱ्या वेळी नाकचाक मोडलं, प्रोपेलर जमिनीला लागला. ती सुखरूप आहे. वारा जवळजवळ नव्हताच. मग चुकलं कुठे?

उत्तर : ती सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. हवा शांत असताना असं घडलं, तर पहिला संशय वेगाचा घ्यावा. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) पूर्ण उघडून येणारं 172 शेवटच्या टप्प्यात साधारण 65 नॉटवर (ताशी सुमारे 120 किलोमीटर) हवं. ते 75 वर आलं तर फरक दहाच नॉटचा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जास्त. ही ऊर्जा संपेपर्यंत विमान जमिनीलगत तरंगत राहतं. शेजारी इन्स्ट्रक्टर नसला की ते हलकं असतं, म्हणून आणखी तरंगतं. पुढची धावपट्टी भराभर कमी होताना दिसते आणि विद्यार्थी योक (नाक वर-खाली करणारा सुकाणू) पुढे दाबून विमान बळेच टेकवायला जातो.

खरं नुकसान इथे सुरू होतं. नाकचाक आधी आपटतं, नाक वर फेकलं जातं, पंखांचा हवेशी असलेला कोन वाढतो आणि वेग शिल्लक असल्यामुळे विमान पुन्हा उडतं. घाबरून योक पुन्हा पुढे जातो. पण विमान क्षणभर उशिराच ऐकतं. तोवर ते आपणहून खाली येऊ लागलेलं असतं, त्यामुळे नाक पहिल्यापेक्षा जोरात आदळतं. उतरण्याचा मार मुख्य चाकांनी घ्यायचा असतो. नाकचाकाचा दांडा फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला) जोडलेला असतो आणि प्रोपेलरचं टोक जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, त्यामुळे दांडा मोडला की प्रोपेलर लागणारच.

पुढच्या वेळी उसळी फूट-दोन फुटांची असेल आणि धावपट्टी भरपूर उरली असेल, तर नाक उतरतानाच्या स्थितीतच धरून ठेवावं, किंचित पॉवर द्यावी आणि मुख्य चाकं पुन्हा टेकू द्यावीत. त्याहून मोठी उसळी, किंवा दुसरी उसळी, म्हणजे विचार न करता गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) : थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून दिलेली गरम हवा) असेल तर बंद, फ्लॅप्स 20 अंशांवर, उजवा रडर (शेपटीची उभी झडप हलवणारं पायपेडल). ट्रिम (योकवरचा हाताचा जोर कमी करणारी जुळणी) उतरण्यासाठी लावलेला असतो, त्यामुळे पूर्ण पॉवर देताच नाक जोरात वर जातं. ते हाताने दाबून धरावं लागतं. उरलेले फ्लॅप्स विमान चढू लागल्यावर टप्प्याटप्प्याने. घाईने सगळे मिटले तर विमान खाली बसतं. आमच्या मते एकट्याने उडायला सोडण्याआधी उसळीनंतरचा गो-अराउंड इन्स्ट्रक्टरसोबत अनेकदा करून घ्यायलाच हवा. नुसता तोंडी सांगून तो हातात बसत नाही.

नजरही तपासा. नाकासमोरच्या जमिनीकडे पाहिलं तर ती धूसर पळते आणि उंचीचा अंदाज चुकतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच वर उचलणं) सुरू करताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी.

प्रश्न : विमान आपटलं, पण बाहेरून काहीच मोडलेलं दिसत नाही. पुढची फेरी मारावी का?

उत्तर : मुळीच नाही. विमान थांबवा, नोंद करा, इंजिनिअरला बोलवा. फायरवॉलच्या पत्र्यावर सुरकुत्या, नाकचाकाच्या दांड्यातून गळणारं तेल, सैल झालेले बोल्ट हे कॉकपिटमध्ये बसून कळत नाही. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन चालू राहिलं म्हणून सुटका नाही. झटका क्रँकशाफ्टपर्यंत (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत) पोचतो, त्याच्या मागच्या टोकाचा गिअर आणि तिथली डॉवेल पिन (गिअर जागेवर धरणारी खीळ) इंजिन उघडूनच तपासावी लागते. ओरडा बसेल म्हणून विद्यार्थ्याने हे लपवलं, तर तेच विमान घेऊन पुढचा विद्यार्थी वर जातो.

प्रश्न : नाकचाक मोडून विमान थांबलं, तर आधी काय?

उत्तर : मिक्स्चर कट-ऑफ (इंजिनला जाणारं इंधन तोडणं), इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, मॅग्नेटो (इंजिनची ठिणगी) बंद, शेवटी मास्टर स्विच (विमानाची सगळी वीज) बंद. मग बाहेर पडून विमानापासून लांब जावं, प्रोपेलरच्या बाजूने नाही.