रिपोर्ट चांगले आले, तरी मन थाऱ्यावर नाही

प्रश्न : माझे वय ४७ असून मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी मला स्तनाच्या कॅन्सरचे निदान झाले. ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन पार पडले. आता आजार उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे आणि रिपोर्ट चांगले आहेत. उपचार चालू असताना मी एकदाही रडले नाही. आता मात्र रात्री अडीचला जाग येते, पाठ दुखली तरी आजार उलटला असे वाटते आणि तपासणीची तारीख जवळ आली की घास उतरत नाही. डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टना भेटायला सांगितले आहे. यजमान म्हणतात, ‘आम्ही सगळे असताना परक्या माणसासमोर रडायचे कशाला?’ नणंदबाई म्हणतात, ‘तू फार काळजी करायचीस म्हणून हे झाले, आता तरी पॉझिटिव्ह राहा.’ ज्यांनी माझ्यासाठी एवढे केले त्यांना दुखवायचे नाही. मी जावे का? तिथे नेमके काय करतात?

उत्तर : तुम्ही अवश्य जावे, आणि पुढची तपासणी होण्याची वाट न पाहता जावे.

उपचार संपल्यावर मन ढासळणे हे कृतघ्नपणाचे लक्षण नाही. कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या हे रोजच्या पाहण्यातले आहे. केमोच्या काळात प्रत्येक आठवड्याला काहीतरी ठरलेले असते. रक्ततपासणी, केमोची पुढची फेरी, उलटीची गोळी, घरी परतणे यांत दिवस जातो आणि घाबरायलाही उसंत मिळत नाही. पुढे डॉक्टर तीन-तीन महिन्यांनी बोलावू लागतात, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, शाळेत सगळे ‘आता बऱ्या झालात ना’ असे विचारतात, आणि नेमके त्याच वेळी मागे सारलेले सगळे पुढे येते. तुम्ही उपचारांत रडला नाहीत, ते रडणे आता येते आहे.

नणंदबाईंचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, पण त्यांचे वाक्य तुम्ही मनावर घेऊ नये. काळजी करण्याच्या स्वभावामुळे स्तनाचा कॅन्सर होतो, असे सिद्ध झालेले नाही. मन प्रसन्न ठेवले की आजार हटतो, या समजुतीचीही शास्त्रीय तपासणी झालेली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी, पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या ज्या स्त्रिया गटउपचारांना आल्या त्या अधिक काळ जगल्या, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत मात्र आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात गटउपचार घेणाऱ्या स्त्रियांची मानसिक तगमग कमी झाली आणि दुखणे सुसह्य झाले, एवढे नक्की दिसले. म्हणून जो कोणी ‘मनाच्या शक्तीने कॅन्सर बरा करतो’ असे सांगेल, त्याच्याकडे तुम्ही जाऊ नका. आणि रात्री रडल्याने आपण आजाराला बोलावतो आहोत ही भीती मनातून काढून टाका. आजारी माणसावर सदैव हसतमुख राहण्याची सक्ती करणे मला क्रूरपणाचे वाटते.

तिथे काय करतात, हे तुम्ही विचारले ते बरे केले, कारण पुष्कळ जणी याच अज्ञाताच्या धास्तीने जात नाहीत. भेट साधारण पाऊण तासाची असते. अनेक ठिकाणी आधी एक साधा कागद देतात, त्यावर शून्य ते दहा अशा पट्टीवर गेल्या आठवड्यातला त्रास किती होता ते दाखवायचे असते. चार किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर अधिक विचारपूस आवश्यक मानली जाते. पुढचे काम बोलण्याचे असले तरी त्या नुसत्या गप्पा नसतात. पाठ दुखली की ‘आजार उलटला’ या निष्कर्षापर्यंत मन किती पायऱ्या गाळून पोचते हे ते तुमच्याबरोबर उलगडून पाहतात. कोणते दुखणे किती दिवस टिकले तर डॉक्टरांना फोन करायचा, हे कर्करोगतज्ज्ञांकडून एकदा नीट विचारून घ्यायला लावतात, म्हणजे रात्री अडीचला तो निर्णय एकटीने घ्यावा लागत नाही. तपासणीच्या आधीचा आठवडा कसा काढायचा हे आधीच ठरवता येते. रुग्णालयाच्या वासानेच मळमळू लागले, तर त्यावर श्वासाची आणि स्नायू सैल सोडण्याची तंत्रे शिकवतात. ऑपरेशननंतर आरशासमोर उभे राहणे, नवराबायकोतली जवळीक आणि मुलांना किती सांगायचे हे प्रश्नही तिथलेच आहेत. तुम्ही ते पत्रात लिहिले नाहीत; मनात असतील तर तिथे संकोच करू नका.

आता यजमानांविषयी. त्यांना आपले प्रेम अपुरे पडले असे वाटते आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ‘मी मेले तर काय होईल’ हे वाक्य तुम्ही त्यांच्यासमोर उच्चारू शकता का? उच्चारलेच तर त्यांचा चेहरा पाहून पुढचे गिळून टाकाल आणि उलट त्यांनाच धीर देत बसाल. घरात तुम्ही सगळ्यांना सांभाळता. सायकॉलॉजिस्टच्या खोलीत समोरच्याला सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर नसते, आणि म्हणूनच तिथे परके माणूस लागते. त्यांना हे याच शब्दांत सांगा, आणि एखाद्या भेटीला बरोबर न्या. वर्षभर दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या नवऱ्यालाही कुणी तरी ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारायला हवे असते.

माणूस कसा निवडायचा? बोलून उपचार करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का, हेही विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत या कामासाठी माणसे असतात. तुमच्या रुग्णालयात ती नसतील, तर तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. दर वेळी प्रवास जमत नसेल तर बऱ्याच जणांकडे व्हिडिओ कॉलवरही भेट घेता येते. गावात चर्चा होईल अशी धास्ती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमचे बोलणे बाहेर जाता कामा नये.

एक गोष्ट मात्र विसरू नका. झोपेची किंवा उदासीची गोळी लागेल असे वाटले, तर ती लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, वेगळे असतात, आणि तुम्ही टॅमॉक्सिफेन घेता हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यांसारख्या उदासीवरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी औषधात रूपांतर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. ज्यांत ही अडचण कमी आहे असे पर्याय उपलब्ध आहेत. टॅमॉक्सिफेनमुळेही अंगातून गरम वाफा येऊन झोप मोडू शकते, तेव्हा रात्री अडीचला जाग येते हे कर्करोगतज्ज्ञांनाही सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

एखाद्या रात्री जगणे नकोसे वाटले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. यजमानांना उठवा आणि १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेला, फोन लावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. तशी वेळ आली नाही, तर या आठवड्यात डॉक्टरांकडून त्या सायकॉलॉजिस्टचे नाव आणि वेळ तेवढी घ्या. पहिल्या भेटीत काय बोलावे ते सुचले नाही, तर मला लिहिलेले हे पत्र बरोबर न्या.