पोकलेनच्या सेंटर जॉइंटपर्यंत हात पोचत नाही, बारीक पोराला आत घालू का?

नका घालू. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की 20 टनी पोकलेनच्या पोटाखाली, दोन चेनच्या मधोमध ऑइल गळतंय. ऑपरेटर म्हणतो सेंटर जॉइंटचे, म्हणजे फिरणाऱ्या वरच्या भागातून खालच्या चेनपर्यंत ऑइल पोचवणाऱ्या जोडाचे, सील गेले. वरून तुमचा हात पोचत नाही, पण हाताखालच्या 17 वर्षांच्या पोराचा हात खांद्यापर्यंत आत जातो. वरचा भाग न उतरवता काम होईल का, आणि पोराला आत उतरवलं तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

असाच एक पोरगा मीही होतो, म्हणून लिहायला बसलो.

2015 च्या उन्हाळ्यात माण तालुक्यात जलयुक्त शिवारची नाला खोलीकरणाची कामं धडाक्यात चालली होती. पोकलेन मिळत नव्हते. जे मिळालं ते दिवसा एका ऑपरेटरवर आणि रात्री दुसऱ्यावर चालायचं. माझा मामा पोकलेनचा मिस्त्री, मी त्याचा हेल्पर. अंगाने मी काडी होतो आणि मामाला त्याचं केवढं कौतुक! नव्या शेठजीकडे गेलं की पान्यांच्या पेटीच्या आधी माझी ओळख व्हायची. "आमच्या भाच्याचा हात कुठंबी जातो."

दहिवडीच्या बाजूला एका नाल्यात मशीन उभं राहिलं. तक्रार तुमचीच, मधोमध ऑइल. शेठ बांधावर उभा राहून तासाच्या भाड्याचा हिशोब मोठ्याने करत होता. मी म्हटलं, मामा, खालची प्लेट काढू. मामा म्हणाला, प्लेट काढण्यात दुपार जाईल, तू वरून जा.

वरून म्हणजे कसं, ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पंपाकडचे पाइप आणि वरचा भाग फिरवणारी स्विंग मोटर यांच्या मधल्या फटीत डोकं खाली करून शिरायचं, आणि ऑपरेटरने मागून पँटचा पट्टा धरायचा. इंजिन नुकतंच बंद केलेलं, त्यामुळे पाइपला गाल लागला की चटका. एक हात होजच्या जुडग्यातून खाली घातला, दुसरा छातीखाली दबलेला. डोळा लावला की हात जात नाही, आणि हात घातला की डोळ्याला दंडाशिवाय काही दिसत नाही. त्यामुळे सगळं बोटांवर. ग्रीस आणि मुरूम मिळून झालेला घट्ट काला नखाने खरवडत जायचं, नटाचे सहा कोपरे मोजायचे, त्यावर पाना बसवायचा आणि मिळेल तेवढा, म्हणजे नटाच्या एका कोपऱ्याएवढाच फिरवायचा. परत काढायचा, उलटा करून परत बसवायचा. होजचा नट फिरला की खालचा अ‍ॅडॅप्टरही, म्हणजे होज जोडायचा तुकडाही, सोबत फिरतो. त्याला धरायला दुसरा पाना लागतो, आणि दुसरा हात तर छातीखाली.

नट ढिला झाला आणि आत अडकलेलं प्रेशर सुटलं. गरम ऑइल मनगटापासून कोपरापर्यंत. हात मागे ओढावा तर कोपर क्लॅम्पमध्ये अडकलेलं. मी ओरडतोय आणि वरून मामा विचारतोय, "नट पडला का रे खाली?"

डाग अजून आहे. पण खरी चीड त्याची नाही. शेवटी जागा धुतल्यावर कळलं की सील चांगले होते. वरच्या एका अ‍ॅडॅप्टरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चेपली होती. तिथून ऑइल जॉइंटच्या अंगावरून ओघळून खाली टपकत होतं. आधी धुतलं असतं तर काम तासाभराचं होतं.

म्हणून तुमच्याही मशीनला आधी धुवा. प्रेशरने पाणी मारा, हवेने सुकवा, पांढरी पावडर फवारा, पुढे-मागे थोडं चालवा, मग इंजिन बंद करून बॅटरी मारून बघा. मोबाइलला जोडायचा वळणारा कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो घ्या. होज किंवा अ‍ॅडॅप्टर निघाला तर सील किटचे पैसे वाचले. बाहेर गळती नाही, पण एका बाजूची चेन ओढत नाही, असं असेल तर आतले सील एका लाइनचं ऑइल दुसरीत सोडत असतील. तो तपास वेगळा.

सीलच गेले असतील तरी वरचा भाग उतरवायची गरज नाही. चेन फ्रेमच्या मधोमध खालून प्लेट असते, ती काढली की जॉइंट समोर येतो. मॉडेलप्रमाणे तो खालून उतरतो किंवा चेन पुलीने वर निघतो. एकट्याने छातीवर घ्यायचं ते वजन नाही. प्लेटवर चिखल साचून तीही जड झालेली असते, म्हणून शेवटचे दोन बोल्ट सोडण्याआधी खाली जॅक लावा आणि स्वतः बाजूला राहा. पोटाखाली जागा जेमतेम दीड फूट. वर्कशॉपात पिट असेल तर उत्तम. नसेल तर कठीण मुरमाचे दोन उंचवटे करून मशीन त्यावर चढवा. काळ्या मातीत चर खोदून त्यावर मशीन उभं करणारे महाभाग मी पाहिलेत. चराची कड कधी बसेल याचा नेम नसतो, आणि वर 20 टन असतात. बकेट टेकवून उचललेल्या मशीनखाली तर स्लीपर, म्हणजे जाड लाकडी ओंडके, लावल्याशिवाय कोणीही जायचं नाही.

प्रत्येक होजला रंगाची खूण करा, तोंडं लगेच प्लगने बंद करा. अदलाबदल झाली तर पुढचा लिव्हर मारल्यावर मशीन मागे येईल, आणि तेव्हा मागे कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

टूल्सचं म्हणाल तर लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅचेटचे रिंग पाने घ्या. तापवून वाकवलेला पाना सोडायला चालतो, पण त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, कसायला वापरू नका. टॉर्क पान्याला पुढे तोंड जोडून लांबी वाढवली की आकड्यापेक्षा जास्त टॉर्क बसतो. तोंड काटकोनात जोडलं तर फरक जवळजवळ पडत नाही.

हे टूल्सचं मामाही मानतो. प्लेट काढण्याचं मात्र मानत नाही. प्रत्येक लग्नात हा वाद निघतो. त्याचं म्हणणं, प्लेट काढायला लागलास तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, उघडण्या-लावण्याचे पैसे कोण देतो? मी शेठलाच "देतो" म्हणायला लावतो. माझ्या बिलात "उघडणे व लावणे" ही ओळ वेगळी असते. शेठ लोक कुरकुरतात. काही परत मामाकडे गेले, हेही खरं. पण मिस्त्रीने दोन तास वाचवल्याचं सांगून पोराचा हात फुकट वापरायचा, याला मी कारागिरी म्हणत नाही. पंधरा हजारांचं काम साडेबारा हजारांत झालं म्हणून मिरवणाऱ्या शेठला कुणीतरी विचारायला हवं की उरलेले अडीच हजार कोणाच्या कातडीतून गेले.

एक राहिलं, आणि ते सगळ्यात आधी करायचं आहे. बकेट जमिनीवर सपाट टेकवा, इंजिन बंद करा, चावी ऑन ठेवून सेफ्टी लिव्हर उघडा आणि सगळे लिव्हर, चालवायचेसुद्धा, चार-पाच वेळा पुढे-मागे करा. मग ऑइलच्या टाकीच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या तोंडातून, हवा सोडा. ऑइल निवू द्या. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. ट्रकच्या टायरमध्ये 8 बारच्या आसपास हवा असते, इथे लाइनमध्ये 350 बारपर्यंत ऑइल असतं. बारीक भोकातून ते कातडीत घुसलं तर काटा टोचल्याएवढंच दिसतं, पण त्याला ताबडतोब ऑपरेशन लागतं. असं झालं तर मलम लावून बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं ऑइल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

माझा हात 20 टनी मशीनवर बसलेला आहे. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर प्लेट, बोल्ट आणि जॉइंट काढायची दिशा मॅन्युअलमध्ये बघा. पोराला पाना द्यायला, खुणा करायला, खालून बघायला शिकवा, पण इंजिन चालू असताना तो पोटाखाली नको.

प्लेट परत लावताना सगळे बोल्ट लावा. दोन बोल्टवर लटकवलेली प्लेट दिसली की मशीन आधी मामाकडे जाऊन आलंय हे मी न विचारता सांगतो.