‘सातवा लागला’ आणि ‘सात महिने झाले’

प्रश्न असा आहे : सुनेच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘२८ आठवडे’ असे लिहिले आहे. घरातल्या आजी म्हणतात, ‘सातवा लागलाय’. जाऊबाई अठ्ठावीसला चाराने भागून ‘सात महिने झाले’ असे सांगतात. ही दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची आहेत का, आणि नसल्यास बरोबर कोणते?

दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत आणि येथे आजींचे म्हणणे बरोबर आहे. वेळ मोजताना मराठीतले ‘लागणे’ हे क्रियापद चालू काळासाठी येते. मुलाला पाचवे लागले म्हणजे त्याची चार वर्षे पुरी झाली आणि पाचवे सुरू आहे. त्याच न्यायाने सातवा लागला म्हणजे सहा महिने भरले. ‘सात महिने झाले’ किंवा ‘भरले’ असे म्हणायचे, तर मात्र सातही महिने सरलेले असावे लागतात. डोहाळजेवण सातव्यात करायचे ठरते, तेव्हा सातवा चालू असतानाचाच दिवस धरला जातो.

आता आकडे पाहू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० जानेवारी २०२५ होता असे धरले, तर २८ आठवडे, म्हणजे १९६ दिवस, २५ जुलैला पूर्ण होतात. सहा महिने १० जुलैलाच भरलेले असतात आणि सात भरायला १० ऑगस्ट उजाडावा लागतो. म्हणजे २५ जुलैला सातवा निम्म्यावर आलेला असतो. चाराने भागताना महिना २८ दिवसांचा धरला जातो आणि तेथेच हिशेब चुकतो. आठवड्यांच्या बाबतीतही हाच भेद आहे : ‘अठ्ठाविसावा आठवडा’ १८ जुलैला सुरू होतो, तर ‘२८ आठवडे’ एका आठवड्याने, २५ जुलैला पूर्ण होतात. डॉक्टर पूर्ण झालेले आठवडे आणि वरचे दिवस लिहितात.

ही मोजणी कोठून सुरू होते, हे कळल्याशिवाय यातले कोणतेच वाक्य नीट समजत नाही. ती गर्भ राहिल्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, कारण तो दिवस स्त्रीला सांगता येतो आणि गर्भधारणेचा नेमका दिवस सहसा कोणालाच ठाऊक नसतो. २८ दिवसांच्या चक्रात बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते; म्हणून या मोजणीतले पहिले दोन आठवडे गर्भ नसतानाचे असतात. पाळी चुकते त्या दिवशी कागदावर चार आठवडे भरतात, पण गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो.

येथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण हा घोटाळा शब्दांपुरता राहत नाही. वरच्याच उदाहरणात लग्न २० जानेवारीला झाले असेल, तर ७ फेब्रुवारीला कागदावर चार आठवडे पूर्ण दिसतील आणि लग्नाला मात्र अठराच दिवस झालेले असतील. ‘चार आठवड्यांची गरोदर’ हे शब्द जो गर्भाचे वय समजून वाचेल, त्याच्या मनात नको तो संशय उभा राहील आणि त्याची झळ त्या मुलीला लागेल. म्हणून हा आकडा घरी सांगताना ‘पाळीपासून चार आठवडे’ असे म्हणावे. एवढा एक शब्द जोडल्याने मोठे दुःख टळू शकते.

‘सातमाशी’ हा शब्दही असाच जपून वापरावा. सातव्यात जन्मलेले आणि सात महिने भरून जन्मलेले, अशा दोन्ही बाळांना लोक सातमाशी म्हणतात. सातवा लागतो तेव्हा २६ आठवडेही पुरते झालेले नसतात; सात भरतात तेव्हा ३० उलटून गेलेले असतात. इतक्या लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या दृष्टीने या चार आठवड्यांचे मोल फार मोठे आहे. ‘नववा लागला, आता काळजी नाही’ हेही सरसकट खरे नाही. वरच्या उदाहरणात नववा १० सप्टेंबरला लागतो, तेव्हा ३४ आठवडे ५ दिवसच झालेले असतात. वैद्यकाच्या भाषेत ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे, आणि ३७ आठवडे २६ सप्टेंबरला पूर्ण होतात.

‘नऊ महिने नऊ दिवस’ हा आपला वाक्प्रचार मात्र हिशेबाला आश्चर्यकारक जवळ जातो. हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्ट्स नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायला सांगतो. १० जानेवारीवरून ती तारीख १७ ऑक्टोबर येते, म्हणजे बरोबर २८० दिवस. वाक्प्रचाराप्रमाणे १९ ऑक्टोबर येते. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडळात कुमार दहा महिने मातेच्या उदरात राहिल्याचे म्हटले आहे. तेही विसंगत वाटण्याचे कारण नाही, कारण नऊ भरून दहावा लागलेला असतानाच ही तारीख येते. अर्थात ती अंदाजाची असते. ज्यांची पाळी अनियमित आहे, त्यांच्या बाबतीत सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरवशाची.

बोलताना ‘सातवा लागला’ खुशाल म्हणावे. ते नेमके आणि सुंदर मराठी आहे. रजेच्या अर्जात किंवा दुसऱ्या दवाखान्यात माहिती देताना मात्र महिने न लिहिता ‘२५ जुलै २०२५ रोजी २८ आठवडे पूर्ण, प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर २०२५’ असे लिहावे. प्रसूतिरजेच्या कायद्यातही २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे या अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात, असे आठवड्यांतच सांगितले आहे.