इबोलात आपली इम्युनिटीच आपल्याला मारते का?

प्रश्न: इबोलात माणूस व्हायरसने नाही तर स्वतःच्याच इम्युनिटीने मरतो असं वाचलं. म्हणजे ज्याची इम्युनिटी स्ट्राँग त्यालाच जास्त धोका का? मग काही जण वाचतात ते कसे?

उत्तर: अर्धंच खरं आहे, आणि जे अर्धं राहून गेलंय ना तेच जास्त महत्त्वाचं. माणूस दगावतो तो इम्युनिटी स्ट्राँग असल्यामुळे नाही, तर तिला जाग यायला उशीर होतो म्हणून.

एरवी व्हायरस शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. इबोलाचं व्हीपी३५ हे प्रोटीन व्हायरसचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) लपवून ठेवतं त्यामुळे इंटरफेरॉन नीट तयारच होत नाही, आणि जे थोडंफार होतं त्याचा निरोप व्हीपी२४ पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊ देत नाही. वर हा व्हायरस आधी धरतो ते मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींना, म्हणजे टी सेल्सना (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) शत्रू दाखवून द्यायचं काम ज्यांचं त्यांनाच! मग तो मोकाट वाढतो आणि नंतर एकदम सायटोकाइनचा, म्हणजे इम्युनिटीला चेतवणाऱ्या रसायनांचा भडका उडतो, रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, बीपी कोसळतं, बारीक बारीक गुठळ्या होऊन रक्त गोठवणारे घटक संपत जातात. रक्तस्राव मात्र सगळ्यांना होत नाही, बरेच जण शॉक आणि अवयव निकामी होऊन जातात. टी सेल्समध्ये तर व्हायरस शिरतही नाही, तरी त्या ढिगाने मरतात.

आता वाचणाऱ्यांचं. गॅबॉनमध्ये १९९६ च्या साथीतल्या पेशंटचं रक्त तपासलं तेव्हा दिसलं की वाचलेल्यांच्या अँटिबॉडी लवकर तयार झाल्या होत्या, दगावलेल्यांमध्ये त्या जवळजवळ नव्हत्याच. खरा फरक इथेच पडतो. काँगोतल्या किक्विट शहरातल्या १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एकाच्या रक्तातल्या पेशींपासून पुढे ॲन्सुविमॅब हे तयार अँटिबॉडीचं औषध बनलं, त्याला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही तयार अँटिबॉडी जितकी लवकर दिली तितका पेशंट वाचायचा चान्स जास्त, म्हणून ताप आल्या आल्या टेस्ट होणं फार गरजेचं.

लसही हाच वेळ कमावून देते. एर्वेबो या लसीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली पण ती फक्त झैर जातीच्या इबोलावर चालते, इबोलाची सुदान जात आणि त्याचाच भाऊबंद असलेला मारबर्ग व्हायरस यांवर अजून मान्यता मिळालेली लस नाही, आणि जिथे या साथी येतात तिथल्या लोकांसाठी ती लवकर यायलाच हवी.