डेस्कटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर 'नो सिग्नल' येतंय, चांगली महागातली केबल घेऊ का?

केबल घेऊ नका. आधी सीपीयू पुढे ओढा आणि मागून बघा.

आमच्याकडे हे झालंय म्हणून लिहितोय. १० जुलै २०१९, वर्ल्ड कपची न्यूझीलंडबरोबरची सेमीफायनल, पावसामुळे राखीव दिवसावर गेलेली. मी हाफ डे टाकून घरी आलो तर सेटटॉप बॉक्सचा रिचार्ज संपलेला, म्हटलं कॉम्प्युटर टीव्हीला लावू, हाय काय नाय काय. लावला, नो सिग्नल. टीव्हीचा इनपुट बदलला, विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट केलं, तेच. दाजी सोफ्यावरून म्हणाले, "दीडशेच्या केबलीतून काय येणार, गोल्ड प्लेटेड आण." अहो डिजिटल सिग्नल आहे, सोन्याने काय फरक पडणार, असं मी म्हणतोय तर ताई म्हणाली, ते म्हणतायत तर आण ना. गेलो भर पावसात, अठराशे घालवले. रोहित, कोहली, राहुल तिघंही एकेक रन करून गेले ते दुकानात मोबाईलवर बघितलं.

नवी केबल, तरी नो सिग्नल. शेवटी भाचा टॉर्च घेऊन टेबलाखाली घुसला. "मामा, मॉनिटरची वायर खाली आडव्या पोर्टांत आहे, तू वर लावतोयस." वरचा पोर्ट मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा; खालचे ग्राफिक्स कार्डचे, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या वेगळ्या कार्डाचे. माझा प्रोसेसर आय फाइव्ह ९४००एफ, त्यातल्या एफचा अर्थच आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वरचा पोर्ट नुसता शोभेचा. कार्डाच्या एचडीएमआयवरचं काळं टोपणसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. ते काढून लावलं, चित्र आलं तेव्हा जडेजा मारत होता, पुढचं तुम्हाला माहितीये.

दाजी आजही सांगतात की नवी केबल आणली म्हणून लागलं. मी मॅच संपल्यावर जुनी दीडशेवाली लावून दाखवली, मस्त चालली, पण तोवर ते चपला घालत होते.

आवाज कॉम्प्युटरमधूनच येत असेल तर खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर साईजमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी सापडेल.

हां, तुमच्याकडे वेगळं कार्डच नसेल तर मदरबोर्डचाच पोर्ट बरोबर, मग भानगड दुसरी असणार. आणि फोर के ६० हर्ट्झवर (म्हणजे खूप बारकाव्याचं चित्र, सेकंदाला साठ वेळा) किंवा दहा मीटर लांब न्यायची असेल तर केबल बघूनच घ्यावी लागते. आमची दीड मीटरची होती, दाजी.

ती अठराशेवाली आता त्यांच्याच सेटटॉप बॉक्सला आहे. पिक्चर जास्त क्लिअर दिसतं म्हणे.