पट्टा बांधायच्या आधी सही कोणाची?

प्रश्न: गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. फिजिओ मांडीला हवेचा पट्टा आवळून व्यायाम घेणार म्हणतात, फॉर्मवर मुलाने सही केली, मला कोणी काहीच सांगितलं नाही. चालतं का हे?

उत्तर: नाही ताई, चालत नाही. तुम्ही शुद्धीवर आहात, सज्ञान आहात, मग संमती तुमचीच हवी, 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका केसमध्ये पेशंटच्या ऐवजी आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नव्हती. थेरपी तशी चांगली आहे, पट्ट्याने रक्तप्रवाह थोडा अडवतात म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या 20-30 टक्के वजनातही स्नायूला ताकद येते आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर लोड कमी पडतो. पण पायात रक्ताची गुठळी झाली होती का, बीपी, व्हेरिकोज व्हेन्स, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे सगळं त्यांनी सहीच्या आधी विचारायलाच हवं, आणि पट्ट्याचं प्रेशर तुमच्या पायावर मोजून ठरवणार की अंदाजे, हे तुम्ही बिनधास्त विचारा! मांडी भरून येणं, जळजळणं नॉर्मल आहे, मात्र बधिरपणा, मुंग्या किंवा बोटं पांढरी-निळी पडली तर लगेच पट्टा सोडायला सांगा, सही केली असली तरी मध्येच नको म्हणायचा हक्क तुमचाच आहे.